विसरू लागले, म्हणून घरात बसवू नका

साठी-सत्तरीनंतरच्या सौम्य विस्मरणावर आज खात्रीचे औषध नाही. नियमित व्यायामाचा उपयोग होतो, असे मात्र दिसून आले आहे. अडचण अशी की, नेमक्या याच टप्प्यावर घरचे लोक काळजीपोटी ज्येष्ठांचे बाहेर पडणे बंद करतात.

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली. कोणत्याही इमारतीत दिसू शकेल असे हे घर. बाबा ७३ वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. सकाळी सहाला पायात बूट चढवायचे, मैदानाला चार फेऱ्या मारायच्या, कट्ट्यावर अर्धा तास बसायचे आणि येताना दूध घेऊन यायचे, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. गेल्या वर्षभरात मात्र काही गोष्टी घरच्यांना जाणवू लागल्या. एकच प्रश्न तासाभरात तीनदा विचारला जातो. विजेचे बिल दोनदा भरले जाते. बोलता बोलता नेमका शब्द सापडत नाही. एके दिवशी स्टेशनजवळच्या गल्लीत वळण चुकले आणि दहा मिनिटांच्या वाटेला तास लागला. त्या संध्याकाळी मुलाने सांगून टाकले, ‘‘बाबा, आता एकट्याने खाली उतरायचे नाही.’’

मुलाचा हेतू चांगलाच होता. पण सहा महिन्यांनी बाबांची स्थिती काय? सकाळ टीव्हीसमोर जाते, दुपारी दोन तास झोप होते, म्हणून रात्री झोप लागत नाही. खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो. कट्ट्यावरच्या मित्रांचे फोन आधी रोज येत, आता आठवड्याने येतात. विस्मरणही वाढल्यासारखे वाटते. ‘आजार वाढला’ असे घरचे म्हणतात. त्यातला काही भाग आजाराचा असेल. पण काही भाग त्या सहा महिन्यांच्या बसून राहण्याचा असतो.

मधली पायरी

वयानुसार होणारे साधे विस्मरण आणि स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, यांच्या मध्ये एक पायरी आहे. वैद्यकीय भाषेत तिला ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’, थोडक्यात ‘एमसीआय’ म्हणतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रोनाल्ड पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये या अवस्थेची लक्षणे नेमकेपणाने मांडली आणि तेव्हापासून हा शब्द रुळला.

चष्मा कुठे ठेवला ते विसरणे आणि थोड्या वेळाने आठवणे, हे साधे विस्मरण. कालच्या समारंभाला आपण गेलो होतो हेच आठवेनासे होणे, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणे, हिशोबात वारंवार चुका होणे, ही एमसीआयची लक्षणे असू शकतात. या व्यक्तींची स्मृती किंवा आकलन त्यांच्या वयाच्या आणि शिक्षणाच्या मानाने चाचणीत कमी दिसते. पण आंघोळ, जेवण, कपडे, स्वयंपाक, पैशांचे रोजचे व्यवहार हे सारे त्या स्वतःच करत असतात. या कामांसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची वेळ येते, तेव्हा तो स्मृतिभ्रंश.

कोलकात्यात पन्नाशी ओलांडलेल्या नागरिकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १५ टक्के लोकांमध्ये एमसीआय आढळला होता. स्मृतिभ्रंशाचे देशव्यापी चित्र २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून समोर आले. साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत, असा तिचा अंदाज आहे. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आहे.

मात्र एमसीआय झाला म्हणजे पुढे स्मृतिभ्रंश ठरलेलाच, असे नाही. पासष्टीपुढच्या एमसीआय असलेल्या लोकांवर दोन वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा त्यांतल्या सुमारे १५ टक्क्यांना स्मृतिभ्रंश झाला, असे अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसले. काही जण वर्षानुवर्षे आहेत तिथेच राहतात, तर काहींच्या चाचण्या पुढे पुन्हा सामान्य येतात. म्हणूनच ही पायरी महत्त्वाची. या टप्प्यावर माणसाला स्वतःची दिनचर्या बदलता येते, नवीन सवय लावून घेता येते आणि त्याचा फायदाही मिळवता येतो.

गोळीच्या आधी व्यायाम

मज्जाविकारतज्ज्ञांच्या ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी’ या संघटनेने २०१८ मध्ये एमसीआयविषयीच्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या. स्मृतिभ्रंशात वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांचा एमसीआयमध्ये उपयोग होतो, असे दाखवणारा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. त्याऐवजी डॉक्टरांनी अशा रुग्णांना आठवड्यातून दोनदा नियमित व्यायाम करण्यास सांगावे, असे त्यांनी सुचवले. सहा महिन्यांच्या व्यायामाने आकलनात सुधारणा होऊ शकते, हा त्यामागचा आधार होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ च्या सूचनांमध्ये एमसीआय असलेल्यांना शारीरिक हालचालीचा सल्ला देता येईल, असे म्हटले. पण पुरावा अजून मर्यादित आहे, हेही नोंदवले.

अल्झायमरच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेसाठी अलीकडे काही प्रतिपिंड औषधे आली आहेत. त्यांतल्या लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. पण ती मुख्यतः शिरेतून द्यावी लागतात, महाग आहेत, मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावे लागतात आणि ती प्रत्येक एमसीआयसाठी नाहीत. सर्वसामान्य घराला आज हाताशी असलेला उपाय व्यायामाचाच आहे.

चालण्याने मेंदूत काय होते?

नवी आठवण साठवण्याच्या कामात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. उतारवयात तो दरवर्षी थोडा थोडा आक्रसतो. अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर झालेला एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सारे बैठी सवय असलेले, पण स्मृतिभ्रंश नसलेले लोक होते. निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा भरभर चालण्याचा व्यायाम केला. वाढवत वाढवत तो ४० मिनिटांपर्यंत नेला. उरलेल्यांनी अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. वर्षअखेरीस चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला दिसला, तर दुसऱ्या गटात तो किंचित घटला होता.

चालताना हृदयाची गती वाढते, मेंदूला रक्तपुरवठा वाढतो. मज्जापेशींची वाढ आणि त्यांच्यातली जोडणी टिकवणारी काही प्रथिने अधिक प्रमाणात तयार होतात. शिवाय रक्तदाब आणि रक्तातली साखर आटोक्यात राहते, झोप सुधारते, मन हलके होते. यांतली प्रत्येक गोष्ट स्मृतीशी जोडलेली आहे.

ज्यांना विस्मरण जाणवू लागले होते, अशांवर पर्थ या ऑस्ट्रेलियातल्या शहरात प्रयोग झाला. पन्नाशीपुढच्या १७० जणांपैकी एका गटाला सहा महिने घरच्या घरी व्यायामाचा कार्यक्रम दिला. आठवड्याला १५० मिनिटे आणि त्यात मुख्यतः चालणे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या गटाचे गुण दुसऱ्या गटापेक्षा थोडे सरस होते आणि दीड वर्षानंतरही तो फरक काही प्रमाणात टिकून होता. फरक मोठा नव्हता. पण ज्या काळात घसरण अपेक्षित असते, त्या काळात ‘थोडे सरस’ हेही कमी नाही.

व्यायामाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या ४९४ लोकांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. चार महिने जोमदार व्यायाम करून त्यांची शारीरिक क्षमता सुधारली, पण आकलनाची घसरण थांबली नाही. अशा रुग्णांनी व्यायाम करू नये, असा याचा अर्थ नाही. स्नायू, झोप आणि मनःस्थिती यांसाठी तो हवाच. पण स्मृती टिकवण्यासाठी व्यायामाकडे वळायचे, तर ते लवकर वळायला हवे.

पायात बळ हवे

व्यायाम म्हटले की आपल्याकडे चालणे किंवा योगासने एवढेच डोळ्यांपुढे येते. स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम तरुणांचा, जिममधला, असा समज आहे. ऑस्ट्रेलियातल्याच सिडनीमध्ये एमसीआय असलेल्या १०० जणांवर केलेल्या प्रयोगात वेगळे चित्र दिसले. आठवड्यातून दोनदा, सहा महिने, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वजनाचे व्यायाम करणाऱ्यांच्या आकलनात सुधारणा झाली. ज्यांच्या पायांची ताकद अधिक वाढली, त्यांना फायदाही अधिक झाला.

देखरेखीखालच्या त्या जड वजनांची नक्कल घरी करायची नाही. पण ताकदीची सुरुवात घरातल्या सामानावर करता येते. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायचे आणि सावकाश बसायचे, असे आठ-दहा वेळा. स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून टाचा वर उचलायच्या. भिंतीला तळहात टेकवून दंड काढल्यासारखे पुढे-मागे व्हायचे. पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन हात कोपरात दुमडायचे. एका दिवसाआड केले तरी चालते. सोपे वाटू लागले की संख्या थोडी वाढवायची.

तोल सांभाळण्याचा सराव हा तिसरा भाग आणि तोच सर्वांत दुर्लक्षित. एमसीआय असलेल्यांचा चालण्याचा वेग मंदावतो, तोल जाण्याचा आणि पडण्याचा धोका वाढतो. खिडकीचा गज धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, फरशीच्या रेषेवर एका पावलापुढे दुसरे पाऊल टेकवत चालणे, हे व्यायाम भिंतीजवळ आणि कुणी शेजारी असताना करावेत. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्या लोकांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल, दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि तीन दिवस तोल व ताकद दोन्ही राखणारे व्यायाम सुचवते.

‘चालत जा’ एवढे सांगून भागत नाही

डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात, ‘रोज अर्धा तास चालणे’. निरोगी माणसालाही ही चिठ्ठी पाळणे जड जाते. एमसीआयच्या व्यक्तीला तर ठरवणे, आठवणीने उठणे, सुरुवात करणे, हेच अवघड झालेले असते. पाय चालतात, पण ‘आज आपल्याला चालायचे आहे’ हे आठवत नाही. बाबा आळशी झाले, आईला उत्साहच उरला नाही, असे घरचे म्हणतात. प्रत्यक्षात तो अनेकदा आजाराचाच भाग असतो.

अमेरिकेत एमसीआय असलेल्या २९६ ज्येष्ठांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये मांडले गेले. एका गटाने वर्षभर दमवणारा व्यायाम केला, दुसऱ्याने ताणाचे आणि तोल सांभाळण्याचे सौम्य व्यायाम केले. पहिला गट सरस ठरेल, अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. मात्र वर्षभरात दोन्हींपैकी कोणत्याच गटाची आकलनशक्ती घसरली नाही. अजिबात व्यायाम न करणाऱ्यांचा गट या प्रयोगात नव्हता, त्यामुळे हे श्रेय पूर्णपणे व्यायामाचे, असे म्हणता येणार नाही. पण दोन्ही गटांत एक गोष्ट समान होती. घरातून बाहेर पडून ठरलेल्या ठिकाणी जाणे, तिथे प्रशिक्षकाने नावाने हाक मारणे, सोबतीला कुणीतरी असणे आणि हे वर्षभर न चुकता चालू राहणे. व्यायाम किती जोराचा, यापेक्षा तो किती नियमित आणि कुणाबरोबर, याला महत्त्व असावे, असा विचार त्यामुळे पुढे आला.

मुंबईच्या उपनगरांना ही गोष्ट नवी नाही. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातल्या एका बागेत अवघ्या पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला. सुरुवातीला विनोद सांगून हसत. थोड्याच दिवसांत विनोद संपले, तेव्हा विनोदाशिवाय हसण्याचे व्यायाम शोधले गेले. ती चळवळ पुढे जगभर पसरली. हास्य क्लब हा काही विस्मरणावरचा सिद्ध झालेला उपचार नव्हे. पण ‘काल का आला नाहीत?’ असे विचारणारे कुणीतरी असले, की माणूस दुसऱ्या दिवशी येतो, हे त्या बागेने दाखवून दिले.

ही सोय उपनगरांत जागोजागी आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पहाटे पास घेऊन फिरायला येणाऱ्यांचे वर्षानुवर्षांचे गट आहेत. बोरिवली पश्चिमेचे वीर सावरकर उद्यान, मुलुंड पूर्वेचे संभाजी मैदान, पंतनगरचे आचार्य अत्रे मैदान, लोखंडवालातल्या बागा, इथे सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठांची वर्दळ असते. ज्येष्ठ नागरिक संघ, योगवर्ग, भजनी मंडळे आहेत. विस्मरण सुरू झालेल्या व्यक्तीला यांतल्या कोणत्या तरी एका गटात टिकवून ठेवणे, हे घरच्यांचे खरे काम.

त्यासाठी चार गोष्टी कराव्यात. एक, वेळ आणि जागा बदलू नये. आठवण कमजोर झाली तरी सवयीची स्मृती बराच काळ शाबूत राहते. रोज त्याच वेळी, त्याच फाटकातून गेले की पाय आपोआप वळतात. दोन, बूट दाराशी समोर दिसतील असे ठेवावेत आणि फोनवर रोजचा गजर लावावा. तीन, गटातल्या दोघा-तिघांना विश्वासात घेऊन सांगावे. लपवण्यासारखे यात काही नाही. ‘काका, निघताना बाबांना हाक मारा आणि येताना गेटपर्यंत सोडा,’ एवढे सांगितले तरी शेजारी आनंदाने करतात. चार, खिशात नाव, पत्ता आणि घरच्यांचा फोन क्रमांक लिहिलेले कार्ड असावे. स्मार्टफोन असेल, तर त्यांना विचारून त्यावरचे ठिकाण मुलांना दिसेल अशी सोय करावी.

मुलगा-सून सकाळी साडेसातची लोकल पकडत असतील, तर सोबत कोण करणार? शनिवार-रविवार मुलांनी, मधले दिवस शेजाऱ्यांनी किंवा मदतनिसाने, असे वाटून घेता येते. आठवड्यातले दोन दिवस घरच्या व्यायामाला द्यावेत. पुण्यात किंवा परदेशात असलेली मुलगी व्हिडीओ कॉलवर समोर बसून आईबरोबर व्यायाम करू शकते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ३१८ ज्येष्ठांना ‘ताई ची’ हा चिनी व्यायामप्रकार अशाच रीतीने, घरी पडद्यावर थेट शिकवला गेला. ज्या गटाला हालचालींबरोबर डोक्यालाही काम दिले होते, त्याला सर्वाधिक फायदा झाला.

घरातल्या आईकडे विशेष लक्ष हवे. ‘दिवसभर कामच करते, वेगळा व्यायाम कशाला?’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. ओट्यापाशी तासन् तास उभे राहण्याने पाय दुखतात, पण दम लागत नाही. बाबांना निदान कट्टा तरी असतो. आईच्या वाट्याला तो येतोच असे नाही. तिच्यासाठी संध्याकाळची अर्ध्या तासाची फेरी आणि सोबतीला एखादी मैत्रीण, हे ठरवूनच करावे लागते.

पाय चालू, डोकेही चालू

जपानमधल्या ज्येष्ठांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या राष्ट्रीय केंद्राने ‘कॉग्निसाइझ’ नावाचा प्रकार तयार केला आहे. पावले टाकत मोठ्याने आकडे मोजायचे आणि तीनच्या पटीतला आकडा आला की टाळी वाजवायची. चुकले तर हसायचे आणि पुढे चालायचे. हालचाल आणि विचार यांची सांगड घालणे, हा त्यामागचा उद्देश.

मराठी घरांत यासाठी सामग्रीची वाण नाही. आज पंचाहत्तरीत असलेल्या अनेकांनी लहानपणी शाळेत पावकी, निमकी, दीडकी घोकलेली आहे. गच्चीवर चालताना ती म्हणून पाहावी. बोरिवलीकरांनी अंधेरीपर्यंतची स्थानके ओळीने सांगावीत: कांदिवली, मालाड, गोरेगाव, राम मंदिर, जोगेश्वरी. मग उलटी म्हणावीत. मुलुंडकरांनी नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी करत घाटकोपर गाठावे आणि परत यावे. भाज्यांची नावे, नातेवाइकांची नावे, एकाआड एक अक्षरावरून शब्द, काहीही चालेल. लेझीम, टिपऱ्या, झिम्मा, गरबा यांतही तेच घडते: ताल ऐकायचा, पुढचे पाऊल आठवायचे आणि समोरच्याशी जुळवून घ्यायचे. गुडघ्यांना झेपेल एवढ्याच बेताने.

एक सावधगिरी मात्र हवी. बोलता बोलता ज्यांचे चालणे थबकते, त्यांना पडण्याचा धोका अधिक असतो. त्यांनी हा खेळ आधी खुर्चीत बसून, मग भिंतीजवळ उभे राहून करावा. वाहत्या रस्त्यावर तर कुणीच करू नये.

पाऊस, धूळ आणि फूटपाथ

मुंबईत चालणे सोपे नाही. फूटपाथ उखडलेले, त्यांवर दुचाकी, पावसाळ्यात शेवाळ. जून ते सप्टेंबर व्यायाम बंद पडतो आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू होतोच असे नाही. म्हणून पावसाळ्याची सोय मे महिन्यातच ठरवावी. इमारतीचे पोडियम, वाहनतळाची मोकळी बाजू, लांब व्हरांडा किंवा घरातली दिवाणखाना ते स्वयंपाकघर ही वाटही चालते. दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या केल्या तरी अर्धा तास भरतो. चपला-स्लिपरऐवजी मागून बंद असलेले, तळाला पकड असलेले बूट घालावेत.

थंडीत मुंबईची हवा जड होते आणि पहाटे धूलिकण जमिनीलगत साचून राहतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर हवेचा निर्देशांक पाहता येतो. तो खराब असेल, तर ऊन पडल्यावर निघावे किंवा त्या दिवशी घरातच व्यायाम करावा. हमरस्त्याच्या कडेने चालण्यापेक्षा आतली गल्ली किंवा बाग बरी. बागांतल्या ओपन जिमची यंत्रे कुणी शिकवल्याशिवाय वापरू नयेत.

आधी तपासणी

विस्मरण जाणवले की पहिली पायरी व्यायामाची नव्हे, डॉक्टरांची. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, अपुरी झोप, झोपेच्या गोळ्या, कमी झालेले ऐकू येणे, यांमुळेही एमसीआयसारखी लक्षणे दिसतात आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. शाकाहारी कुटुंबांत ब-१२ ची कमतरता सर्रास आढळते. सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून करावी. पुढे गरज पडल्यास महापालिकेच्या कूपर, शीव, नायर आणि केईएम रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालायला जाऊ नये. खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे असावीत. रक्तदाबाच्या औषधांमुळे उठताना चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना सांगावे. चालताना छातीत दुखले, दम फार लागला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबावे आणि डॉक्टरांकडे जावे. व्यायाम योग्य जोराचा आहे का, हे ओळखण्याची साधी खूण आहे. चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये.

व्यायाम एकटा सगळे करत नाही. जगभरातल्या स्मृतिभ्रंशांपैकी सुमारे ४५ टक्के चौदा टाळता येण्याजोग्या कारणांशी जोडलेले आहेत, असे ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये म्हटले. व्यायामाचा अभाव त्यांतले एक. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, श्रवणदोष, उपचार न केलेला दृष्टिदोष, नैराश्य, एकाकीपण आणि हवेचे प्रदूषण हीही त्या यादीत आहेत. मोतीबिंदूचे लांबवलेले ऑपरेशन करून घेणे आणि कपाटात पडलेले श्रवणयंत्र कानात घालणे, हेही स्मृतीचेच उपचार आहेत. नीट दिसले आणि ऐकू आले, तरच माणूस बाहेर पडायला धजावतो.

त्या ७३ वर्षांच्या बाबांचेही असेच आहे. गल्ली चुकली, ही घटना खरी. तिच्यावरचा उपाय दाराला कडी लावणे हा नाही. सकाळी सहाला खालच्या मजल्यावरच्या काकांनी बेल वाजवावी, बाबांनी बूट चढवावेत, मैदानाला चारऐवजी दोन फेऱ्या झाल्या तरी चालतील आणि कट्ट्यावर त्यांची जागा तशीच राहावी. येताना दुधाची पिशवी विसरली, तर ती मुलाला आणता येईल.

आठवड्याचा सोपा आराखडा

• आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास चालणे. सवय नसेल, तर दहा मिनिटांपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडे वाढवावे.

• आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम: खुर्चीतून उठ-बस, टाचा उचलणे, भिंतीवरचे दंड, पाण्याच्या बाटल्या.

• तीन दिवस दहा मिनिटे तोल सांभाळण्याचा सराव. आधार जवळ हवा, सोबत कुणी हवे.

• चालताना किंवा बसून पाढे, स्थानके, नावे यांचे खेळ. जागा सुरक्षित असावी.

• कॅलेंडरवर झालेल्या व्यायामाची खूण करावी. खूण ज्येष्ठांनी स्वतः करावी.

• पहिले सहा महिने निकालाची घाई करू नये. उठता-बसता येणारे बळ आणि रात्रीची झोप आधी सुधारते.

• ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ (सकाळी ८ ते रात्री ८). मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६.